काशीची पंचतीर्थी आणि गोदातीरीचे विद्वान

काशीयात्रा घडावी, ही महाराष्ट्रीय गृहस्थाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या वसत आलेली आकांक्षा आहे. यात्रा करून परतलेल्या मनुष्याचे पाय धुवावे, त्याने आणलेल्या गंगेची पूजा करावी आणि मावंद्याच्या पंक्तीस साऱ्या गावाने बसावे, हा आपल्याकडील जुना परिपाठ. आगगाडी नव्हती त्या काळी या यात्रेस कित्येक महिने लागत, आणि घरून निघालेला मनुष्य परत येईलच याची शाश्वती नसे. असे असूनही लोक जात राहिले. राजे गेले, सरदार गेले, विधवा गेल्या, विद्यार्थी गेले. आणि गेलेल्यांपैकी बरेच तेथेच राहिले. त्यांच्या राहण्याच्या खुणा काशीच्या नदीकाठावर आजही एका दिवसाच्या चालण्यात पाहावयास मिळतात.

या चालण्यास परंपरेने एक क्रम घालून दिलेला आहे. काशीखंडात सांगितलेली गंगातीरीची पाच श्रेष्ठ तीर्थे म्हणजे असीसंगम, दशाश्वमेध, वरणासंगमावरील आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका. त्यांचे स्नान एका दिवसात याच क्रमाने करावे, अशी पंचतीर्थीची रूढी आहे. असी दक्षिण टोकास व वरणा उत्तर टोकास आहे. त्या दोहोंमध्ये गंगा आपला नित्याचा मार्ग सोडून उत्तरवाहिनी होते आणि धनुष्याकृती वळण घेते. पश्चिमेचा तीर उंच असल्याने सारे नगर त्याच तीरावर वसले आहे, पलीकडे वाळवंट. त्यामुळे काठावर उभ्या राहणाऱ्यास सूर्योदय नदीपलीकडे उघड्या क्षितिजावर दिसतो. सुमारे साडेसहा किलोमीटरांच्या या काठावर ऐंशीहून अधिक घाट आहेत.

हे घाट पुराणकालीन असावेत, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु आज दिसणारे दगडी बांधकाम बहुतांशी अठराव्या शतकातील किंवा त्यानंतरचे आहे, आणि त्यातील फार मोठा भाग मराठी द्रव्याने उभा राहिला आहे. ही गोष्ट अनेकांस ठाऊक असते व तिचा योग्य अभिमानही असतो. परंतु ती अर्धीच गोष्ट होय. पेशव्यांचा, होळकरांचा वा शिंद्यांचा पहिला पाथरवट काशीत येण्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे गोदातीरीचे विद्वान तेथे येऊन राहिले होते. आधी विद्या गेली, मागाहून द्रव्य गेले. पंचतीर्थीचा मार्ग चालताना हा पौर्वापर्यक्रम ध्यानात ठेवला, तर घाटांचा अर्थ निराळा दिसू लागतो.

असीसंगम

यात्रेचा प्रारंभ पहाटे असीघाटावर होतो. असी ही आता नदी म्हणून ओळखू येत नाही. नगराचे सांडपाणी वाहून नेणारा तो एक ओढा झाला आहे. गंगा स्वच्छ करण्याची पहिली मोठी सरकारी योजना १९८६ साली याच काशीत आरंभिली गेली. त्यानंतर अनेक योजना झाल्या, तरी या संगमाकडे पाहिले असता काम अद्याप बरेच उरले आहे हे कळते.

असीच्या लगत तुलसीघाट आहे. गोस्वामी तुलसीदासांचे वास्तव्य येथे होते व १६२३ साली त्यांनी काशीतच देह ठेवला. जवळच भदैनी मोहल्ला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म या भागातला. त्यांचे वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी होते. पेशवाई बुडाल्यावर चिमाजीअप्पा काशीवास करून राहिले, आणि त्यांच्यासमवेत मराठी मंडळींचे एक लहानसे जग येथे आले. मुलीचे नाव मणिकर्णिका ठेवावे, असे ज्या घरात सहज सुचले, त्या घराचे काशीशी नाते किती आतले होते हे निराळे सांगावयास नको.

पुढे शिवाला येथे चेतसिंहाचा किल्ला लागतो. १७८१ च्या ऑगस्टात वॉरन हेस्टिंग्ज याने काशीनरेश चेतसिंहास येथे नजरकैदेत ठेवले, तेव्हा तो नदीच्या बाजूच्या खिडकीतून उतरून निसटला. त्यानंतर हरिश्चंद्रघाटावरील चितांना नमस्कार करून यात्रेकरू केदारघाटाशी येतो. तेथे सारे वातावरण द्राविडी आहे. बोली तमिळ, कपाळीचे भस्म दाक्षिणात्य. आणखी थोडे पुढे वंगवासीयांची वस्ती, मग उदेपूरच्या राण्यांचा महाल. भारतवर्षातील प्रत्येक प्रांताने या काठावर आपला एक ओटा राखून ठेवला आहे. मराठी मंडळी ही या पंगतीतील एक पान आहेत, हे विसरता कामा नये.

दशाश्वमेध

या मार्गावर प्रथम मोठा मराठी घाट लागतो तो राजाघाट. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांचे नाव त्याच्याशी निगडित आहे. १८०३ च्या युद्धात त्यांनी इंग्रजांशी करार केला. सालिना सात लक्ष रुपयांचे वेतन घेतले आणि उत्तरेकडे येऊन राहिले. राज्याच्या दृष्टीने त्यांच्या वर्तनाचे मूल्यमापन इतिहासकारांनी केले आहे, आणि ते फारसे गौरवाचे नाही. परंतु काशीतील ब्राह्मणभोजने व दानधर्म यांसाठी त्यांचे नाव राहिले. त्यांच्या पुढे नागपूरकर भोसल्यांच्या दरबारचे श्रीधर मुनशी यांनी बांधविलेला मुनशीघाट आहे. त्याच्या माथ्यावरील भव्य प्रासाद पुढे दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दात्याचे नाव वास्तूवर किती दिवस टिकते, याचे हे एक उदाहरण होय.

अहिल्याबाईघाट ओलांडला की दशाश्वमेध. ब्रह्मदेवाने राजा दिवोदासाच्या साहाय्याने येथे दहा अश्वमेध केले, ही काशीखंडातील कथा. विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत मात्र एक निराळा उल्लेख सापडतो. भागीरथीच्या जलाने अभिषिक्त झालेल्या व दहा अश्वमेधांचे अवभृथस्नान केलेल्या भारशिव राजांचे नाव त्यांत आले आहे. त्यावरून हेच ते स्थान असावे, असा तर्क इतिहासज्ञ काशीप्रसाद जायसवाल यांनी मांडला. तर्क सिद्ध होवो वा न होवो, काशीच्या या घाटासंबंधी बोलताना साक्ष काढावी लागते ती विदर्भाच्या ताम्रपटाची, हे लक्षणीय आहे.

सध्याच्या घाटाचे दगडी बांधकाम अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांनी करविले. त्या काळी काशीत थोरल्या बाजीरावांचे कारभारी म्हणून सदाशिव नाईक जोशी होते. घाटांच्या कामांसंबंधी त्यांचा पुण्याशी पत्रव्यवहार चाले. १७३५ साली बाजीरावांच्या मातुःश्री राधाबाई यांची काशीयात्रा झाली. ज्या मोगली अंमलाशी पुत्राची झुंज चालू होती, त्याच मुलखातून माता निर्विघ्नपणे गेली व परत आली. राजपुतान्यातील राजांनी वाटेत तिचा सत्कार केला. पुढे काशी, प्रयाग ही क्षेत्रे स्वराज्यात यावीत म्हणून पेशव्यांनी पुष्कळ खटपट केली. परंतु काशीवर मराठ्यांचे राज्य कधीच झाले नाही. प्रथम ती अवधच्या नबाबाच्या छायेखाली होती, आणि १७७५ साली कंपनीच्या सत्तेखाली गेली. म्हणजे मराठ्यांनी काशीत जे काही बांधले, ते परक्याच्या मुलखात, परवानगी मागून व जागा विकत घेऊन बांधले. धनी म्हणून नव्हे, यात्रेकरू म्हणून बांधले. या बांधकामाचे खरे मोल येथे आहे.

दशाश्वमेधाला लागूनच मानमंदिर. अंबरच्या राजा मानसिंहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने १७३७ च्या सुमारास वेधशाळा उभारली. चुना व दगड यांची ती यंत्रे कालांतराने निरुपयोगी होऊ लागली, तेव्हा त्यांचा अर्थ पुन्हा सांगणारा पंडित मराठी होता. बापूदेवशास्त्री परांजपे (१८२१–१८९०) हे काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत ज्योतिष व गणित शिकवीत. भारतीय सिद्धांतग्रंथ आणि पाश्चात्य गणित या दोहोंत त्यांचा सारखाच अधिकार होता. मानमंदिरातील यंत्रांचे वर्णन त्यांनी संस्कृतात लिहिले. ज्या पाठशाळेत ते शिकवीत, ती १७९१ साली स्थापन झाली आणि पुढे १९५८ साली विश्वविद्यालयाच्या रूपाने वाढली.

आदिकेशव

दशाश्वमेधावरून यात्रेकरूने नावेत बसावे व थेट उत्तरेस वरणासंगमी उतरावे, हे सोयीचे. दुपारच्या उन्हात हा भाग निर्जन भासतो. फुलवाले नाहीत, नावाड्यांची ओढाताण नाही. जवळच १८८७ साली खुला झालेला लोहमार्गाचा पूल. आदिकेशवाचे लहानसे मंदिर उंचावर आहे आणि खाली दोन नद्यांचे शांत पाणी.

परंतु काशीचा सर्वांत प्राचीन भाग हाच. पुलाच्या परिसरातील राजघाटाच्या पठारावर १९४० साली रेल्वेच्या कामात जुन्या वस्तीचे अवशेष निघाले. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयाने केलेल्या उत्खननांवरून तेथील वस्ती इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या आसपासची असल्याचे मानले जाते. अकराव्या-बाराव्या शतकांत येथे गाहडवाल राजांचे वर्चस्व होते. आदिकेशवाच्या घाटावर स्नान करून त्यांनी दिलेल्या दानांचे ताम्रपट उपलब्ध आहेत. त्या वंशातील गोविंदचंद्राचा मंत्री लक्ष्मीधर याने ‘कृत्यकल्पतरु’ नावाचा प्रचंड धर्मनिबंध रचला व त्यात तीर्थांसाठी एक स्वतंत्र कांड दिले. ११९४ साली जयचंद्राचा पराभव झाला, राजधानी व मंदिरे धुळीस मिळाली, आणि नगर हळूहळू दक्षिणेकडे सरकले. राजघाटावर आज पायांखाली माती आहे. लक्ष्मीधराच्या ग्रंथाची मात्र छापील आवृत्ती बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाली आणि अभ्यासकांच्या हाती आहे.

पंचगंगा

आदिकेशवाकडून दक्षिणेस परतताना त्रिलोचनघाट व गायघाट मागे टाकले की ब्रह्मघाट आणि दुर्गाघाट लागतात. काशीतील मराठी वस्तीचे हे जुने हृदय. अरुंद गल्ल्या, उंच वाडे, आत चौक आणि चौकात तुळस. दत्तात्रेयांचे मंदिर येथेच आहे. गौड सारस्वतांच्या काशीमठाचे स्थानही याच ब्रह्मघाटावर असून, त्यामुळे कोकण, गोमंतक व कारवारपर्यंतच्या भाविकांचे पाय या गल्लीला लागत आले आहेत. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात या भागी येऊन राहिले. ब्रह्मघाट, दुर्गाघाट व त्रिलोचनघाट यांच्या बांधकामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. दक्षिणेतून येणाऱ्या ब्राह्मणांसाठी त्यांनी घरेही बांधविली. विसाव्या शतकात ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून कीर्ती मिळविणारे बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) हे काशीतील अशाच एका मराठी घराण्यात जन्मले. मराठी घरात वाढून हिंदी पत्रकारितेचे आचार्य होणे, यात काशीच्या मातीचा गुण दिसतो.

दुर्गाघाटाला लागून पंचगंगा. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा व धूतपापा या पाच नद्यांचा येथे संगम मानतात. डोळ्यांस दिसते ती एकटी गंगा. रामानंदांचे स्थान याच घाटावर, आणि कबिरांना गुरुमंत्र मिळाला तोही याच पायऱ्यांवर, अशी कथा आहे. वर बिंदुमाधवाचे विशाल मंदिर होते. ते औरंगजेबाच्या काळी पाडले गेले व त्या जागी मशीद उभी राहिली. तिचे उंच मनोरे फार काळ काशीची ओळख होऊन राहिले होते. त्यांपैकी एक १९४८ साली कोसळला व नंतर दुसराही उतरविण्यात आला. बिंदुमाधवाची स्थापना जवळच्याच एका वास्तूत झाली आणि त्या कामी औंधच्या पंतप्रतिनिधींनी साहाय्य केले. बाहेरून पाहता तो एखादा वाडाच वाटतो. घाटावरील सहस्रदीपांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाईंचा म्हणून दाखवितात. कार्तिकात बांबूंच्या टोकांशी टोपल्या टांगून आकाशदीप लावतात, आणि पौर्णिमेस देवदीपावलीच्या पणत्यांनी साऱ्या पायऱ्या भरून जातात.

याच कार्तिकी पौर्णिमेस, १५७३ साली, पैठणच्या एकनाथांनी काशीत भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका पूर्ण केली. पहिले पाच अध्याय प्रतिष्ठानी झाले आणि पुढील भाग आनंदवनी, म्हणजे काशीत झाला, असे ग्रंथाच्या शेवटी त्यांनीच नमूद केले आहे. त्यापूर्वी दोन वर्षे त्यांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ही काशीतच पूर्ण झाले होते. प्राकृतात भागवत आणले म्हणून काशीच्या पंडितांनी प्रथम रोष धरला आणि पुढे त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. कथेतील तपशील कसाही असो, ओवीतील हा ग्रंथ गंगातीरी सिद्ध झाला आणि तेथून महाराष्ट्राच्या प्रत्येक देवघरात पोहोचला, हे निर्विवाद आहे.

पैठणहून काशीस आलेले एकनाथ हे काही एकटेच नव्हेत. त्यांच्याही आधी, सोळाव्या शतकाच्या प्रथमार्धात, पैठणचे रामेश्वरभट्ट सहकुटुंब काशीस येऊन स्थायिक झाले होते. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी ‘प्रयोगरत्न’ व ‘त्रिस्थलीसेतु’ हे ग्रंथ लिहिले. त्यांच्या घराण्यास काशीच्या पंडितसभेत अग्रपूजेचा मान मिळे. नारायणभट्टांचे एक नातू कमलाकरभट्ट. त्यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा. दुसरे नातू नीलकंठभट्ट. त्यांच्या ‘व्यवहारमयूखा’स मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, हिंदू कायद्याची नवी संहिता होईतो, प्रमाण मानले. नारायणभट्टांचे पणतू विश्वेश्वरभट्ट म्हणजेच गागाभट्ट. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला, तो त्यांच्या पौरोहित्याखाली. कोपरगावाकडून आलेल्या नीलकंठ चतुर्धरांनी महाभारतावरील ‘भारतभावदीप’ ही टीका काशीतच लिहिली, आणि नागोजीभट्ट काळे यांच्या ‘परिभाषेंदुशेखरा’वाचून व्याकरणाचा कोणताही विद्यार्थी आजही पुढे जाऊ शकत नाही.

या विद्वानांचा व मायदेशाचा संबंध तुटला नव्हता. दक्षिणेतील अवघड धर्मवाद निर्णयासाठी काशीस येत. १६५७ साली महाराष्ट्रातील एका ज्ञातिवादासंबंधी विश्वेश्वरमंदिराच्या मुक्तिमंडपात सभा भरून निर्णयपत्र झाले. त्यावर सत्तराहून अधिक पंडितांच्या व यतींच्या संमती आहेत. सारस्वतांच्या अधिकारासंबंधी १६६४ साली राजापुरी सभा झाली, तेथे गागाभट्टांनी निर्णय दिला. या निर्णयांची भाषा त्या काळची आहे, त्यांतील भेदाभेद आज मान्य होणार नाहीत, आणि वादातील एका पक्षावर कधी कधी अन्यायही झाला असेल. तरीही मतभेद तलवारीने न सोडविता ग्रंथ पुढे ठेवून सोडवावा, ही रीत त्यांनी पाळली, एवढे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.

गोदातीरीचेच आणखी एक थोर संन्यासी म्हणजे कवींद्राचार्य सरस्वती. शहाजहानच्या दरबारी जाऊन त्यांनी काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर रद्द करविला. त्याबद्दल साऱ्या देशातील पंडितांनी रचलेल्या प्रशस्तींचा एक संग्रहच झाला आहे. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची जी यादी पुढे सापडली, तीत दोन हजारांहून अधिक ग्रंथांची नावे आहेत. ती १९२१ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाली. ग्रंथसंग्रह मात्र विखुरला. त्यांच्या नावाची खूण असलेल्या पोथ्या निरनिराळ्या ठिकाणी आढळतात. पोथ्या कोणी जाळल्या नाहीत, लुटल्या नाहीत. धन्यामागे त्यांना सांभाळणारे कोणी राहिले नाही, एवढ्यानेच त्या गेल्या.

मणिकर्णिका

उन्हे कलताना यात्रेकरू पंचगंगेवरून शेवटच्या तीर्थाकडे निघतो. प्रथम बालाजीघाट. येथील बालाजीच्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) लहानपणापासून वर्षानुवर्षे सनईचा रियाज करीत. देव वैष्णवांचा, वादक मुसलमान, खाली गंगा; काशीत याचे कोणास नवल वाटले नाही. पुढे ग्वाल्हेरकर जटारांच्या नावाचा घाट, रामघाट, नागपूरकरांचा भोसलेघाट व त्यावरील लक्ष्मीनारायण. नंतर शिंदेघाट. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८२८ साली ज्ञानवापीवर दगडी मंडप उभारला आणि १८३० च्या सुमारास हा घाट बांधविला. घाट इतका भव्य व जड झाला, की खालच्या मातीने तो भार पेलला नाही. तो खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. लगतचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही एका बाजूस कललेले उभे आहे. पावसाळ्यात गंगा त्याच्या गाभाऱ्यात शिरते.

आणि मग मणिकर्णिका. चक्रपुष्करिणीचे कुंड, अहिल्याबाईंनी बांधविलेला घाट आणि अखंड पेटत्या चिता. येथून अगदी थोड्या अंतरावर विश्वेश्वर. या मंदिराच्या इतिहासात साऱ्या दिवसाचे सार सामावलेले आहे.

१५८५ च्या सुमारास नारायणभट्टांनी, तोडरमल्लाच्या साहाय्याने, विश्वेश्वराचे भव्य मंदिर पुन्हा उभे केले. १६६९ साली औरंगजेबाच्या आज्ञेने ते पाडले गेले. म्हणजे ते दगडी मंदिर सुमारे चौऱ्याऐंशी वर्षे टिकले. त्याच नारायणभट्टांच्या नातवाचा ‘निर्णयसिंधु’ चारशे वर्षे उलटून गेल्यावरही पुरोहिताच्या फडताळात आहे. एकादशी कोणत्या दिवशी करावी या प्रश्नास आजही तो उत्तर देतो. मंदिर तोडता आले, ग्रंथ तोडता आला नाही; कारण तो एका ठिकाणी नव्हता, शेकडो घरांत होता व हजारो मुखांत होता. हे नारायणभट्टांसही ठाऊक असावे. ‘त्रिस्थलीसेतू’त त्यांनी स्पष्ट सांगितले आहे, की कालवशात् विश्वेश्वराचे लिंग हलविले गेले तरी त्या स्थानी जे असेल त्याची पूजा करावी, आणि काहीच नसेल तरी त्या स्थानालाच नमस्कार व प्रदक्षिणा करावी. मंदिर बांधणारा मनुष्य मंदिराच्या अनित्यतेची तरतूद ग्रंथात करून ठेवतो, यासारखा दूरदर्शीपणा विरळा.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली. १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी लगतच्या जागी सध्याचे मंदिर उभे केले, आणि एकोणिसाव्या शतकात महाराजा रणजितसिंहांनी त्याच्या शिखरास सोने दिले. १३ डिसेंबर २०२१ रोजी गंगेपासून मंदिरापर्यंतच्या नव्या विस्तीर्ण मार्गाचे उद्घाटन झाले. तेथे अहिल्याबाईंचीही मूर्ती आहे. त्या मार्गासाठी कित्येक जुनी घरे व गल्ल्या गेल्या. नगर असेच बदलत आले आहे व पुढेही बदलेल.

अहिल्याबाईंच्या औदार्यास उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही. त्या काशीत मंदिर बांधू शकल्या, ते त्या स्थानाची आठवण मधल्या शतकात कोणी तरी जागी ठेवली होती म्हणून. ती ठेवणारे लोक श्रीमंत नव्हते. पहाटे स्नान करून संहिता म्हणणारे, दुपारी अन्नछत्रात जेवणारे आणि सायंकाळी ओसरीवर विद्यार्थ्यास शेखर शिकविणारे ते लोक होते. अन्नछत्र श्रीमंताचे, पाठ गरिबाचा. या दोहोंच्या योगाने काशी राहिली. यांपैकी एक जरी तुटले, तरी दुसरे निष्फळ होते.

ब्रह्मघाट व दुर्गाघाट या भागांत मराठी घरे आजही आहेत, परंतु पूर्वीच्या मानाने थोडी. चरितार्थासाठी मुले दूर गेली. कित्येक वाड्यांच्या जागी उतारूंच्या खोल्या झाल्या. म्हणून विद्येचा झरा आटला, असे मात्र म्हणता येत नाही. रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. २०२५ च्या अखेरीस त्या विद्यालयात अहिल्यानगर जिल्ह्यातील एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने शुक्लयजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रमपारायण ५० दिवसांत पूर्ण केले. सुमारे दोन हजार मंत्र, त्यांची पदे विशिष्ट क्रमाने पुढे-मागे फिरवून, पोथी न पाहता म्हणावयाची, असे हे अत्यंत अवघड पारायण. सारी काशी त्याच्या सत्कारास लोटली. गोदावरीच्या प्रदेशातील मुलाने गंगातीरी येऊन विद्या सिद्ध करावी, ही रामेश्वरभट्टांपासूनची वाट अद्याप मोडलेली नाही.

भाविकांनी काशीयात्रा अवश्य करावी, पंचतीर्थी चालावी, आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या पायऱ्यांवर बसून गंगा पाहावी. परंतु यात्रेच्या अखेरीस दान देण्याची वेळ येते, तेव्हा नव्या दगडावर नाव कोरण्यापूर्वी शिंदेघाटाचे खचणे आठवावे, आणि कवींद्राचार्यांच्या विखुरलेल्या पोथ्याही आठवाव्यात. एका विद्यार्थ्याच्या बारा वर्षांच्या अन्नाची व अध्ययनाची सोय करणे हे घाट बांधण्याइतके दिसणारे काम नाही, आणि त्याचा शिलालेखही होत नाही. मठांनी व त्यांच्या शिष्यवर्गाने हे न दिसणारे काम आपलेसे करावे. एकनाथ पैठणहून निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर पाच अध्याय होते. उरलेले गंगेने लिहवून घेतले. पुढील विद्यार्थी निघेल तेव्हा त्याच्या शिदोरीची चिंता त्याला करावी लागू नये, एवढे तर आपल्या हाती निश्चित आहे.